परसातला पाऊस

१३ जुलै १९८९. सकाळी साडेआठला परसातल्या पर्जन्यमापकाची बाटली काढून पाऊस मोजायचा होता. हे काम ह्यांचं. मी सातलाच भातसंशोधनाच्या ऑफिसला निघायचे आणि ह्यांची अंबरनाथच्या कारखान्यात दुसरी पाळी असायची. आदल्या दिवशीही त्यांनी पाऊस मोजला, आंघोळीला गेले आणि तिथेच कोसळले. संध्याकाळी मुसळधार पावसात त्यांना स्मशानात नेलं.

बदलापूर गावात आमचं घर. सरकारी आकडा मिळायचा तो कल्याणचा, सगळ्या तालुक्याला एकच. उल्हासनगरात कोरडं असताना बारवी धरणाकडे भाताची रोपं वाहून जायची. पीक कशाने गेलं, ते त्या एका आकड्यावरून कळेना. म्हणून आमच्या ऑफिसने गावोगावी मापकं मांडली होती, त्यातलंच हे एक. ह्या हंगामाचे रोजचे आकडे खंड न पडता मिळाले नाहीत, तर काम बंद होणार होतं.

बाटलीत तळाला जेमतेम पाणी होतं. काल दिवसभर पाऊस कोसळला होता. मी आत येऊन विचारलं, बाटली कुणी रिकामी केली?

"मी," नणंद म्हणाली. "मयताच्या घरात साठवलेलं पाणी ठेवत नाहीत, वहिनी. दादाला नेल्यावर हंडे-कळशा ओतल्या, तशी तीही ओतली."

"मोजून ओतलीस?"

"भाऊ गेला माझा. मोजत कशाला बसू?"

तिचं बरोबर होतं. मला मात्र रडू येत नव्हतं. जमलेल्या बायका त्याचीच वाट बघत होत्या.

दुपारी ऑफिसातले एक सहकारी भेटायला आले. निघताना हळूच म्हणाले, त्या दिवसाला कल्याणचा आकडा टाका, एका दिवसाने काय बिघडतंय.

"कल्याणचाच चालला असता, तर ह्यांनी तीन पावसाळे परसात उभं कशाला राहायचं?" मी म्हटलं.

ते चपला घालून गेले. त्या तारखेपुढे मी लिहिलं : पाणी ओतले गेले, मोजले नाही. हंगामात एक जागा रिकामी राहिली. काम बंद होतं का, ते वरचे ठरवणार होते.

दुसऱ्या दिवशी साडेआठला मी परसात गेले. पाऊस चालूच होता. नणंद न सांगता मागून आली आणि माझ्या डोक्यावर छत्री धरून उभी राहिली. मी पाणी मोजलं, आकडा लिहिला, बाटली ओतून जागेवर ठेवली. मग आम्ही दोघी आत जाऊन भांडी घासायला बसलो.