काडीपेटीतला भुंगेरा

मी चप्पल उचलली की सुमनचा आवाज यायचाच. "मारू नका. आधी नाव इचारू." सुमन म्हणजे माझी बायको. झुरळ असो की गांधीलमाशी, तिचं हेच. मी चौथी शिकलेला माणूस. किड्याला नाव कशाला लागतं, हे मला कधी कळलं नाही.

लेकीनं मोबाइल दिला तेव्हापासूनचं हे खूळ. आमच्या कुरुंदा गावात, हळदीच्या वावरात ती उकिडवी बसायची आणि किड्याचे वरून, बाजूनं, तोंडाकडून फोटो काढायची. मी छत्री धरायची. सावली हलली की माझ्यावर खेकसायची. फोटो एका वेबसाइटवर टाकले की कुठली कुठली माणसं नाव सांगत. पटलं नाही तर ही त्यांच्याशी भांडायची. "ते फोटो पाहून राहिले, मी किडा पाहून राहिले," म्हणायची. गल्लीतल्या बायका तिला किडेवाली म्हणत. मग ती त्यांना म्हणायची, या, तुमच्या उवांचाबी फोटो काढते.

मागच्या हंगामात तांब्याच्या रंगाचा, तिळाएवढा भुंगेरा सापडला. नाव कुणालाच सांगता येईना. पुण्याच्या एका संग्रहालयातल्या साहेबांनी लिहिलं, असा आमच्याकडं नाही, खरा किडा पाठवा. सुमननं तो काडीपेटीत कापसावर ठेवला. सोबत चिठ्ठी लिहिली: गाव, तारीख, हळदीचं पान, खालची बाजू. "चिठ्ठी हरवली तर त्यो नुसता कचरा," असं मला दोनदा बजावलं. पोस्टात टाकायचं काम माझ्याकडं होतं. मी आज टाकतो, उद्या टाकतो करत राहिलो. पेटी फडताळातच राहिली.

मग तिचं दुखणं निघालं. नांदेडच्या दवाखान्यात, नाकात नळी असताना तिनं विचारलं, "टाकली का?"

मी व्हय म्हणलो. दुसऱ्या दिवशी ती गेली.

तिला अंगणात आंघोळ घालून ठेवलं होतं. मडक्यात विस्तव न्यायचा म्हणून माझा धाकटा भाऊ दत्ता गोवऱ्या पेटवायला बसला. त्यानं फडताळातली काडीपेटी घेतली, कानाशी हलवली. काड्या वाजल्या नाहीत. रिकामी समजून त्यानं ती गोवऱ्यांवरच टाकली आणि कुणाकडून तरी दुसरी घेऊन काडी ओढली. कापूर भडकला तेव्हा माझं तिकडं ध्यान गेलं.

मी जाळात हात घातला. चार जणांनी मला मागं ओढलं. दत्ता रडत म्हणाला, "दादा, असं करू नका. वैनी परत येत नसती." पेटी माझ्या मुठीत आली होती. दोन बोटं पोळली होती, पेटीचं एक टोक काळं पडलं होतं. भिंतीकडं तोंड करून उघडली. कापूस पिवळा झाला होता. भुंगेरा होता. चिठ्ठी होती. मसणवाट्यापर्यंत ती मूठ मी सोडली नाही.

तिसऱ्या दिवशी राख सावडली आणि तसाच पोस्टात गेलो. भावकी म्हणाली, सुतकात कुठं निघाला. म्हणू दे.

परवा साहेबांचं पत्र आलं. सुनेनं वाचून दाखवलं. किडा पोचला, सहाही पाय शाबूत आहेत, नाव ठरायला वर्षं लागतील. कुणाला सापडला त्या जागी सुमनचं नाव लिहिलंय. सुनेला म्हणलं, तेवढं पुन्हा वाच.

मग आत गेलो. सुमनच्या फोटोपुढं उभा राहिलो आणि सांगितलं, "आता टाकली."