दोन मतदारसंघांचे घर

सुभेदार (निवृत्त) दत्तात्रय कणसे यांचे गेल्या महिन्यात, एका बुधवारी सकाळी, जयपूरच्या जवाहर नगरमधील राहत्या घरी हृदयविकाराने निधन झाले. सकाळचा फेरफटका आटोपून ते ओट्यावर बुटाच्या नाड्या सोडत होते. पत्नी शालनकाकू आत चहा गाळत होत्या. त्यांनी मला फोन केला तेव्हा आवाज नेहमीसारखाच होता. "तुमचे सुभेदार गेले," त्या म्हणाल्या. "त्रास काही झाला नाही. सावकाश या, गाडी जपून चालवा."

एका वृत्तसंस्थेने जयपूरला पाठवले तेव्हा मी कणसे यांच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला होता. लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत तिथेच राहिलो. सुभेदार सातारा जिल्ह्यातल्या, कृष्णाकाठच्या एका गावचे. सैन्यातली शेवटची नेमणूक जयपूरची. निवृत्तीच्या वेळी मुलगी मेधा शाळेत होती आणि काकूंना जवळच्या बालवाडीत नोकरी मिळाली होती, म्हणून वर्षभर थांबायचे ठरले. ते वर्ष संपलेच नाही, असे काकू सांगत. घरात साताऱ्याचीच मराठी होती. फक्त भाजीवाल्याशी भांडताना दोघेही हिंदीत जात, आणि मेधा मराठीत बोलताना दर दोन वाक्यांनी 'मतलब' म्हणे.

निवडणुका जवळ आल्या की मला मतदारसंघ समजून घ्यावा लागे आणि सुभेदारांना चालायला सोबत हवी असे. दोन्ही कामे एकत्र होत. फाळणीनंतर सिंध आणि पंजाबातून आलेल्या कुटुंबांना शहराच्या या बाजूला जमिनी मिळाल्या, त्यांच्या वसाहती झाल्या. नंतर आखणी करून सेक्टर पडले आणि नोकरदार आले, राजस्थानच्या सगळ्या कोपऱ्यांतून. डोंगराच्या पायथ्याला मजुरांच्या वस्त्या वाढल्या; त्यातले काही जवळच्या खेड्यांतले, काही बिहार-बंगालकडचे. पश्चिमेला चालत गेले की चारदीवारीच्या, म्हणजे जुन्या शहराच्या तटाच्या, बाहेरच्या अंगाचे मोहल्ले लागत. तिथे मुसलमान कारागीर पिढ्यान्‌पिढ्या खड्यांना पैलू पाडतात आणि ते खडे जैन जवाहिऱ्यांच्या पेढ्यांवर जातात. सीमा शेवटच्या बदलल्या तेव्हा हे सगळे एका मतदारसंघात आले. उमेदवार कुठल्याही पक्षाचा असो, त्याला सकाळी गुरुद्वारा, दुपारी मोहल्ला आणि संध्याकाळी सिंध्यांच्या झूलेलालचे मंदिर करावेच लागते. सुभेदार या सगळ्यातून एकाच चालीने जात. लोक "सुभेदार साब" म्हणून हात करत. ते मान हलवत, थांबत नसत.

पहिल्याच फेरीत मी विचारले होते, इथे मराठी मतदार किती असतील.

"आमच्या घरात एक," ते म्हणाले.

"आणि तुम्ही?"

"मी मोजणीत न्हाई."

हा विनोद नव्हता. सैनिकाला आपले नाव गावच्या मतदार यादीत ठेवता येते आणि मत टपालाने पाठवता येते. सुभेदारांनी तसेच केले. निवृत्तीनंतर टपालाची सोय संपली, तरी नाव त्यांनी हलवले नाही. गावाकडे निवडणूक लागली की ते रेल्वेने पुण्याला, तिथून एसटीने गावी जात, थोरल्या भावाच्या, अण्णांच्या घरी मुक्काम करत आणि मत देऊन परत येत. जयपुरात मतदान असे त्या दिवशी मात्र ते ओट्यावर बसून पेपर वाचत आणि काकू पदर सारखा करून समोरच्या शाळेतल्या केंद्रावर जात. इथल्या बहुतेक मराठी माणसांचे असेच आहे. छावणीतल्या कुटुंबांची नावे गावी, कंपन्यांतल्या तरुणांची पुण्या-नागपूरला. गणेशोत्सवात मांडव भरतो, पण कुठलाही उमेदवार तिथे फार वेळ बसत नाही.

काकूंनी आपले नाव आल्या आल्याच जयपूरला लावून घेतले होते. त्यांना एकदा विचारले तर म्हणाल्या, "बाईचं नाव माहेरच्या यादीतनं सासरच्या यादीत जातंच की. तेव्हा कुणी विचारलं नाही मला, वाईट वाटतं का म्हणून. एकदा हलायची सवय झाली, की तिसरी यादी जड नाही."

सुभेदारांना ती जड होती. त्याचे कारण मला त्यांच्या शेजाऱ्यामुळे कळले. टेकचंदजी सिंधी, कोपऱ्यावर त्यांचे पापड-लोणच्याचे दुकान आहे. मतदानाच्या दिवशी दुकानाबाहेर मोठी कढई लागते आणि बोटावर शाई असेल त्या प्रत्येकाला दाल पकवान, म्हणजे कडक तळलेली पुरी आणि डाळ, फुकट मिळते. ही त्यांच्या वडिलांपासूनची रीत. एका निवडणुकीला टेकचंदजींनी सुभेदारांनाही पानभर पकवान पाठवले. सुभेदारांनी ते झाकून परत दिले. शाई नाही, तर हक्क नाही. टेकचंदजी हातातला झारा तसाच घेऊन ओट्याशी आले.

"खा लो सुभेदार साब. मेहमान को भी खिलाते हैं हम।"

"मेहमान?" सुभेदारांनी पेपर खाली घेतला. "तुम्हारे लड़के की शादी में बर्तन किसने गिने थे?"

"गिने थे, और दो कम निकले थे," टेकचंदजी म्हणाले. "पर वोट तो सातारा में है ना? तो मेहमान।"

काकू खिडकीतून हसल्या. सुभेदार हसले नाहीत. ते म्हणाले, गाव आहे, घर आहे, भाऊ आहे; नाव कसे काढणार. तेव्हा टेकचंदजींनी झारा ओट्याच्या कडेला टेकवला. "मेरे बाप का भी गाँव था, साब। उनका नाम किस लिस्ट में था, कोई पूछे तो... वो लिस्ट ही उधर रह गई। आपका गाँव अपनी जगह पर है, इसलिए आपके नखरे हैं।"

कढईतले पकवान करपायला लागले म्हणून टेकचंदजी धावत परत गेले.

पुढच्या हिवाळ्यात सुभेदारांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. रस्त्यापर्यंत फेरफटका जमू लागला, रेल्वे-एसटीचा प्रवास संपला. गावच्या पंचायतीची निवडणूक त्यांच्याविना झाली. जयपूरची आली तीही तशीच गेली. दोन्ही दिवस ते ओट्यावर होते. काकूंनी नंतर सांगितले की त्या दिवसांत ते जेवताना एकदम म्हणाले होते, "शालन, मी आता कुठलाच न्हाई." काकूंनी त्यांना भाजी वाढली आणि म्हणाल्या, "मग विचारा अण्णांना, नाव इकडे हलवू का म्हणून."

हा फोन झाला तेव्हा मी तिथे होतो. सुभेदारांना कमी ऐकू येई, त्यामुळे फोन नेहमी स्पीकरवर असे. गुडघ्याची चौकशी झाली, पावसाची झाली. मग सुभेदार उभे राहिले आणि म्हणाले, "अण्णा, नाव काढतोय गावातनं. हितं लावतोय."

"का? आमी मेलो का?"

"तसं न्हवं, अण्णा."

"मग कसं? वाटणी पायजे का तुला? घे की. नाव कशाला काढतोयस?"

"वाटणी कोन मागतंय? मला मत द्यायचंय. तिकडं येववत न्हाई आन्‌ हितं देता येत न्हाई."

"आरं, लोक म्हनतील थोरल्यानं धाकट्याला घरातनं काढलं," अण्णा म्हणाले. "पारावर बसायचं मला का तुला?"

सुभेदार म्हणाले, "मी पाया पडतो," आणि फोन बंद केला. त्या आठवड्यात त्यांनी अर्ज भरला. मतदार यादीचे काम पाहणाऱ्या शिक्षिका घरी येऊन पडताळणी करून गेल्या. "इतने साल से यहीं थे क्या आप?" त्यांनी विचारले. सुभेदार म्हणाले, "हाँ जी, यहीं था।" गावच्या यादीतून नाव वगळले गेले. अण्णांचा फोन दिवाळीलाही आला नाही. सुभेदारांनी मात्र दर रविवारी फोन लावणे थांबवले नाही. अण्णांचा नातू उचले आणि म्हणे, आजोबा रानात गेलेत.

त्यानंतरच्या विधानसभेच्या निवडणुकीत सुभेदारांनी जयपुरात पहिले मत दिले. केंद्र उघडायच्या आधी ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून रांगेत उभे होते. मागे एक सरदारजी होते, पुढे पायथ्याच्या वस्तीतल्या दोघी मायलेकी. काकू मुद्दाम उशिरा आल्या. आज पहिला नंबर सुभेदारांचा एकट्याचा असू दे, एवढेच त्या म्हणाल्या. मी बातमीसाठी फिरत होतो. परत आलो तेव्हा सुभेदार कढईसमोर बोट पुढे करून उभे होते आणि टेकचंदजी चष्मा कपाळावर सरकवून ते उजेडात तपासत होते.

"असली है?"

"नाही," काकू मागून म्हणाल्या, "बूटपॉलिश लावलंय."

टेकचंदजींना मराठी येत नाही, पण एवढे कळले. सुभेदारांनी दोन पकवान खाल्ले आणि तिसरे मागितले. मत कोणाला दिले ते त्यांनी सांगितले नाही. निकालाच्या दिवशी दुपारी फक्त म्हणाले, "पडला आमचा." टेकचंदजींनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "बधाई हो। अब पक्के यहाँ के हो गए।" त्या दिवशी सुभेदार इतके खुशीत होते की विजयी उमेदवाराच्या मिरवणुकीतला पेढाही त्यांनी घेतला.

शेवटची काही वर्षे चांगली गेली. फेरफटका लहान झाला, पण बंद झाला नाही. रस्त्यावरच्या दिव्यासाठी, नाल्यासाठी ते नगरसेवकाकडे जात आणि "आपका वोटर हूँ" अशी सुरुवात करत. यातला किती नाला साफ झाला याची मला खात्री नाही.

निधनानंतर मेधा पुण्याहून विमानाने आली. तिने काकांना सोबत आणले होते. अण्णा पहिल्यांदाच जयपूरला येत होते. त्यांनी येताना गावाहून तांब्याचा कलश आणला होता. अस्थी कृष्णेत सोडायच्या, हे त्यांनी मेधाला वाटेतच सांगितले होते. काकूंनी कलश पाहिला आणि देवघराजवळ ठेवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी अस्थी सावडल्या. संध्याकाळी जयपूरच्या रिवाजाप्रमाणे तीये की बैठक, म्हणजे तिसऱ्या दिवशीची शोकसभा, झाली. टेकचंदजींनी कोणाला न विचारता सेक्टरच्या बागेत सतरंज्या घातल्या होत्या. मृताचा थोरला भाऊ म्हणून अण्णांना पुढे बसवले. लोक येत, हात जोडत, क्षणभर टेकत आणि उठत. सरदारजी आले, मोहल्ल्यातले खडे घासणारे आले, वस्तीतल्या बायका आल्या, एक जैन जवाहिरे आले. यादीच्या कामाच्या शिक्षिका आल्या. अण्णा प्रत्येक वेळी माझ्याकडे झुकून विचारत, "ह्यो कोन? ही कोन?" मी सांगत गेलो. काहींची नावे मलाही माहीत नव्हती. बाग भरली तसे अण्णांनी विचारणे थांबवले.

बैठक संपल्यावर त्यांनी टेकचंदजींना जवळ बोलावले. "हितलं लोक अस्थी कुठं नेत्यात?" त्यांनी विचारले. मी हिंदी करून सांगितले. टेकचंदजी म्हणाले, कोई हरिद्वार, कोई पुष्कर. अण्णा काकूंकडे वळले. "जवळचं कोनतं?"

"पुष्कर," काकू म्हणाल्या.

"मग तिथंच," अण्णा म्हणाले. "त्यो हितला हाय."

दुसऱ्या दिवशी पहाटे अण्णा, काकू, मेधा आणि टेकचंदजी एकाच गाडीने पुष्करला गेले. सरोवरावर विधी झाला. कलश पाण्यात धरायला अण्णांनी टेकचंदजींचा हात घेतला, असे मेधाने सांगितले. अस्थी तिथे विसर्जित झाल्या. अण्णा रविवारी रात्रीच्या गाडीने गावी परतले. कलश ते रिकामा परत घेऊन गेले.