सुधीरच्या फ्रीजरमधले हॉप्स

आमच्या गॅरेजात बिअर बनते जेमतेम दहा बाटल्या. त्या दोन वीकेंडमध्ये संपतात. किस्से मात्र संपत नाहीत! एक सांगायला घ्यावा तर मागून दुसरा म्हणतो, "माझं काय?" परवा कोणीतरी म्हणालं, "अनघा, लिहून ठेव गं हे सगळं." म्हणून बसले.

आम्ही तिघं. मी नाशिकची, सुधीर पुण्याचा, मिलिंद नागपूरकडचा. तिघंही अमेरिकेत, सिॲटलजवळच्या रेडमंडमध्ये, तिघंही कोड लिहून पोट भरणारे. इथला हिवाळा म्हणजे सहा महिने बारीक पाऊस. माणूस घरात बसून करणार काय? कोणी ब्रेड भाजतं, कोणी गिटार शिकतं. आम्ही सुधीरच्या गॅरेजात बिअर बनवतो. एका वेळी एक गॅलन, म्हणजे आपलं मोठं पातेलंभर.

बिअरला कडूपणा आणि वास येतो तो हॉप्समुळे. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं. वाळवून, दळून त्याच्या बारीक हिरव्या गोळ्या करतात. दिसायला थेट सशाच्या लेंड्या! एका पातेल्याला मूठभर पुरतात. पण सुधीर एकदा डोंगरापलीकडे याकिमाला गेला, जिथे या वेलींचे मळेच्या मळे आहेत, आणि सेल दिसला म्हणून चार जातींची चार मोठी पाकिटं घेऊन आला. प्रत्येक पाकीट पाऊंडाचं.

त्याची बायको केतकी फ्रीजर उघडून म्हणाली, "माझा खोवलेला नारळ कुठे ठेवू? तुझ्या डोक्यावर?"

त्या दिवशी नियम ठरला. जुने हॉप्स संपेपर्यंत नवीन आणायचे नाहीत. पुढचं सगळं रामायण त्या नियमातून झालं.

*

केतकीचे आईवडील सहा महिन्यांसाठी आले होते. काकांना काही केल्या झोप लागेना. आठवडा झाला तरी माणूस पहाटे तीनला टक्क जागा!

काकू फ्रीजरमध्ये मटार शोधत होत्या. त्यांना हिरव्या गोळ्यांची पिशवी सापडली. त्यावर सुधीरच्या अक्षरात लिहिलं होतं, "साठ मिनिटं." म्हणजे या गोळ्या उकळीला पूर्ण तासभर ठेवायच्या, अशी ती आमची खूण. काकूंनी वास घेतला. उग्र, कडसर, पाल्यासारखा. त्यांची खात्री पटली की हे काहीतरी आयुर्वेदिक आहे आणि जावयाने वर कृतीही लिहून ठेवली आहे.

त्यांनी बरोबर साठ मिनिटं उकळून काढा केला! काकांना अर्धा कप पाजला. काका नऊ तास झोपले.

मग काय, रोज रात्री काढा. पंधरा दिवसांनी सुधीर बिअर करायला पिशवी शोधायला लागला.

"काकू, इथे हिरव्या गोळ्या होत्या..."

"संपत आल्या हो. बरं झालं आठवलं, आणखी मागवून ठेवा."

सुधीर धावत काकांकडे गेला. म्हणाला, "काका, ते औषध नव्हतं, बिअरचं सामान होतं!"

काकांनी आधी दार लोटलं. मग हळूच म्हणाले, "वासावरून पहिल्याच दिवशी ओळखलं. पण जावईबापू, छत्तीस वर्षं हिने घरात बिअरची बाटली येऊ दिली नाही. आता रोज स्वतःच्या हाताने बिअरची अर्धी कृती करून देते. सांगू नका!"

*

उरलेले हॉप्स सुधीर छोट्या झिपलॉक पिशव्यांमध्ये भरतो आणि वर पेनाने नाव लिहितो. फ्रीजरमध्ये शाई पुसली जाते हे त्याला सोडून सगळ्यांना माहीत होतं. शेवटी सात पिशव्या अशा निघाल्या की कशात काय आहे, देव जाणे. सुधीरने सातही पिशव्यांवर नव्याने लिहिलं. काय? प्रश्नचिन्ह!

आम्ही वैतागून सातही एका पातेल्यात ओतल्या.

ती आमची आजवरची सगळ्यात भारी पेल एल, म्हणजे फिकट सोनेरी बिअर. संत्र्याची साल, पिकलेला पेरू, मागे थोडा देवदार. ऑफिसातले लोक रेसिपी मागायला लागले. मिलिंद आमचा हिशेबी माणूस, प्रत्येक बॅच वहीत लिहितो. त्याने वही उघडून दाखवली. पानावर लिहिलं होतं, "प्रश्नचिन्ह, बत्तीस ग्रॅम."

*

सगळंच काही जमलं नाही. हॉप्स फार जुने झाले की त्यांना चीजसारखा वास येतो. आम्हाला हे पुस्तकातून माहीत होतं, पण पुस्तकातलं स्वतःच्या नाकाने तपासल्याशिवाय मराठी माणसाला पटत नाही.

तपासलं. बाटली उघडल्यावर केतकी म्हणाली, "सुधीर, मोजे बदल."

सुधीरच्या शेजारी कॅरल नावाच्या आजीबाई राहतात. त्या अंगणात दिसल्या म्हणून आम्ही त्यांना एक ग्लास दिला. एक घोट घेऊन त्या म्हणाल्या, "इंटरेस्टिंग!"

अमेरिकेत दोन महिने काढलेल्या माणसालाही कळतं की इंटरेस्टिंग म्हणजे भयंकर. पण आजीबाईंनी चक्क तीन बाटल्या मागून नेल्या. सुधीरची कॉलर ताठ. "तुम्हाला चव नाही यार. बघा, खरा दर्दी!"

चार दिवसांनी कळलं. इथल्या ओल्या हवेत बागेत बिनशंखाच्या गोगलगायी फार होतात. त्या बिअरच्या वासाने येतात आणि बशीत बुडून मरतात. आजीबाईंना त्यासाठी बिअर हवी होती.

सुधीरने तेही मनाला लावून घेतलं नाही. म्हणाला, "ठीक आहे, निदान कामाला आली."

रविवारी कॅरलबाई दोन बाटल्या परत घेऊन आल्या. फार जड मनाने म्हणाल्या, "सॉरी स्वीटहार्ट. दे डिडन्ट लाइक इट."

*

मी काय करते ते माझ्या आईपासून लपवलं नव्हतं, पण सांगितलंही नव्हतं. एकदा व्हिडिओ कॉलवर मागे ओट्यावर काचेचा बुधला दिसला.

"अनघा, ते पिवळं काय आहे गं?"

"बिअर आहे आई. आम्ही घरी करतो."

"तू दारू गाळतेस?"

"गाळत नाही गं. आंबवते."

आई स्क्रीनजवळ आली. मग म्हणाली, "म्हणजे इडलीसारखं?"

"हं... तसंच."

पुढच्या महिन्यात नाशिकहून मावशीचा फोन आला. खूप प्रेमाने विचारत होती, "नोकरी सोडलीस का गं? ताई म्हणाली, तू तिकडे इडलीचं पीठ विकतेस!"

*

हॉप्सची देवाणघेवाण आम्ही लंच टाइममध्ये करतो, ऑफिसच्या पार्किंगमध्ये. आता चित्र डोळ्यांसमोर आणा. बाहेर पाऊस, आत अर्धवट अंधार. गाडीच्या बॉनेटवर छोटा डिजिटल काटा. सुधीर पिशवीतून हिरवा माल मोजून दुसऱ्या पिशवीत घालतोय आणि मी इकडेतिकडे बघत उभी.

"आठ ग्रॅम दे."

"आठ नाही, सहाच. बाकीचा मिलिंदला कबूल केलाय."

तेवढ्यात मागून सिक्युरिटीची गाडी आली. गार्ड उतरला. चांगला सव्वासहा फूट, पांढरी दाढी. माझ्या डोळ्यांसमोर एचआर, व्हिसा, नाशिक असं सगळं एका ओळीत उभं राहिलं. सुधीरने तर दोन्ही हात वर केले!

"व्हॉट्स इन द बॅग, सर?"

"हॉप्स! ओन्ली हॉप्स! फॉर बिअर!" सुधीरचा आवाज पूर्ण फाटलेला.

गार्डने पिशवी उघडली. नाकाशी नेली. एक गोळी दोन बोटांत चुरडून पुन्हा वास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

म्हणाला, "हे शिळं झालंय. फेकून द्या." मग त्याने डावीउजवीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "माझ्याकडे चांगला माल आहे. पाच वाजता तिसऱ्या मजल्यावर या. कॅश नको, दोन बाटल्या आणा."

*

मिलिंद बौद्ध घरातला. पंचशील पाळतो. आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही. मग बिअर का बनवतो? तो म्हणतो, "मला केमिस्ट्री आवडते. तुम्ही लोक मध्ये येता." तापमान, साखर, वेळ, सगळं काट्याने मोजतो. चव आम्ही सांगतो, तो ती वहीत लिहितो. आमच्यात सगळ्यात चांगली बिअर त्याचीच होते, हे आम्ही मान्य करत नाही, पण आहे तसं.

इथल्या होमब्रू क्लबची, म्हणजे घरी बिअर बनवणाऱ्यांची, छोटी स्पर्धा होती. मिलिंदने उरलेल्या तीन जातींची पेल एल दिली आणि तिला दुसरा नंबर मिळाला! हॉलमध्ये साठ-सत्तर लोक. बक्षीस देताना मुख्य परीक्षकाने माइक पुढे केला आणि विचारलं, "पहिला घोट घेतलास तेव्हा तुला काय वाटलं?"

मिलिंद खरं बोलणारा माणूस. म्हणाला, "सर, आय डोन्ट ड्रिंक."

इथे असं कोणी म्हटलं की लोक समजतात, हा दारूच्या व्यसनातून सुटलेला माणूस. परीक्षकाचा चेहरा बदलला. त्याने मिलिंदच्या खांद्यावर हात ठेवला. गहिवरून विचारलं, "हाऊ लाँग, ब्रदर?"

मिलिंदला वाटलं, वय विचारतोय.

"फॉर्टी-फोर इयर्स."

सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवायला लागला! पहिल्या रांगेतल्या दोन बायका डोळे पुसत होत्या. मिलिंद आम्हाला कानात विचारत होता, "अरे, दुसऱ्या नंबरला एवढ्या टाळ्या? पहिल्याला काय करतील?"

*

आता शेवटचा.

मिलिंदचे बाबा तीन महिन्यांसाठी आले. भंडाऱ्याकडचे, रिटायर्ड शिक्षक. भरघोस पांढऱ्या मिशा, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. तरुणपणापासून त्या माणसाने एकच काम केलं. दिवसा शाळा, आणि शाळा सुटली की गावातल्या बायकांना बरोबर घेऊन जंगलातल्या दारूच्या भट्ट्या शोधायच्या आणि फोडायच्या. मोहाची फुलं आंबवून ठेवतात, त्याला तिकडे सडवा म्हणतात. त्या सडव्याचे किती ड्रम त्यांनी उलथवले, त्याची गणती नाही. सख्खा भाऊ पितो म्हणून त्याच्याशी अकरा वर्षं बोलले नव्हते.

मिलिंद दोन आठवडे झोपला नाही. घरी होतं ते सगळं सामान सुधीरच्या गॅरेजात हलवलं. पण एक बुधला राहिला. फ्रीजरच्या तळाशी उरलेल्या पाच पिशव्या त्यात घातलेल्या, आणि तो ऐन आंबण्याच्या भरात होता. हलवला असता तर बिघडला असता. मिलिंदने तो हॉलमधल्या कपाटात ठेवला, वर जाड टॉवेल टाकला.

शनिवारी दुपारी मी आणि सुधीर बाबांना भेटायला गेलो. "जय भीम, काका." "जय भीम, बसा बेटा." चहा आला. गप्पा रंगल्या. आणि कपाटातून आवाज आला.

बुडुक.

मिलिंदने टीव्हीचा आवाज वाढवला.

बुडुक. बुडुक.

"नळ गळून राहिला का रे?" बाबांनी विचारलं.

"हो बाबा. प्लंबरला सांगितलं आहे."

"कपाटात नळ?"

बाबा उठले. सरळ कपाटाशी गेले, दार उघडलं, टॉवेल उचलला. मिलिंद कपबशी घेऊन अर्धवट उभा राहिला. मी चाळिशीच्या माणसाला इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"काय बनवून राहिला तू?"

"बाबा... बिअर आहे. पण मी पीत नाही. शपथ घेतो. पंचशील मोडलं नाही. एक थेंबसुद्धा नाही. मी फक्त बनवतो."

"बनवतो, अन् पीत नाही?"

"नाही बाबा."

"मग पिते कोण?"

मिलिंदने आमच्याकडे पाहिलं. बाबांनीही पाहिलं. सुधीरने आणि मी चहाच्या कपात पाहिलं.

मिलिंदचे डोळे भरून आले होते. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही म्हणाल तर आत्ता ओतून देतो."

बाबा गुडघ्यावर हात टेकून खाली वाकले. बुधल्याच्या तोंडाशी नाक नेलं. डोळे मिटले. एक लांब श्वास घेतला, मग आणखी एक. मग सावकाश सरळ झाले, टॉवेल होता तसा नीट पांघरला, कपाटाचं दार लावलं आणि परत येऊन आपल्या खुर्चीत बसले.

"यात एकाच जातीचा पाला नाही," ते म्हणाले. "घरात जे जे उरलं होतं, ते सारं टाकलं तुम्ही."

मग कप उचलून एक घोट घेतला.

"अन् सडवा अजून दोन दिवस कच्चा आहे."