बांधावरची शिवण

"आरा खाली ठेव! ठेव म्हनतो ना, नाई तं याच लाकडाचा पाट करून तुले त्यावर बसवीन!"

ओरडत होतो मीच, दौलतभाऊंच्या बांधावर. आवाज एवढा, की नागभीडहून सुटलेली गाडी मागं आली असावी. समोर लाकडाचा व्यापारी, त्याच्या माणसाच्या हातात आरा, आणि मधे भाऊंनी लावलेलं शिवणीचं झाड. भाऊंना जाऊन तीन आठवडे झाले होते. व्यापाऱ्याला वहिनीनंच बोलावलं होतं. "झाड दिसलं का मले ठोकल्याचा आवाज येते," म्हणाली.

झाडीपट्टीच्या नाटकात मी विनोदी कामं करतो. दौलतभाऊ ढोलकीवर असायचे. त्यांच्या थापेनं शेजारच्या गावातली आटलेली म्हैस पान्हवल्याचं मी शपथेवर सांगतो. बातमी आली तेव्हा मी तालमीत नवी मिशी लावून बघत होतो. ती तशीच लावून मयतीला गेलो... कोणी हसलं नाही, तेव्हा कळलं, भाऊ खरंच गेले.

हा माणूस स्वस्थ बसलेला कोणी पाहिला नाही. बोटं सारखी चालू. ताटावर, एसटीच्या सीटवर, पुढच्या प्रवाशाच्या टकलावरसुद्धा. जंगलात गेले की शिवण दिसेल तिथं थांबायचे, बोट वाकवून खोड ठोकायचे, कान लावायचे. शिवणीचं लाकूड हलकं, तडकत नाही, ढोलकीला तेच पाहिजे. एकदा ठोकलेलं खोड निघालं पोकळ आणि आत मधमाश्यांचं अख्खं गाव. मी चिमूरपर्यंत पळालो. भाऊ तळ्यात गळ्यापर्यंत बुडून बसले होते, तोंड भोपळ्याएवढं सुजलेलं, आणि पाण्यावर बोटं चालूच! "आवाज मात्र बरा होता गड्या," म्हणाले.

बांधावरच्या शिवणीची ढोलकी करायची आणि ती पहिल्यांदा माझ्या एन्ट्रीला वाजवायची, हे त्यांनी मला कबूल केलं होतं. दरवर्षी हंगामाआधी मी जाऊन विचारायचो. ते ठोकायचे, कान लावायचे. "अजून कच्ची आहे."

"भाऊ, मी म्हातारा होऊन राह्यलो!"

"तू पिकला. थे नाई पिकली."

आता कुठंच बसवत नाही. तालमीत उठतो, चहा सांगतो, न पिताच निघतो. नवा ढोलकीवाला गुणी आहे, पण त्याची थाप माझ्या वाक्यानंतर क्षणभर उशिरा पडते. तेवढ्या फटीत माझा विनोद पाय घसरून पडतो... आणि लोक माझ्याकडे दयेनं बघतात. म्हणून मला ते झाड हवं होतं. दयाबिया काही नाही, ढोलकी हवी होती.

"वहिनी, इकू नका," मी म्हटलं. "तोडा, पन ढोलकी करा. भाऊनं मले शब्द देल्ला होता."

"बाई, लवकर सांगा," व्यापारी म्हणाला. "आरा लावू का नाई?"

वहिनी खोडाजवळ गेली. भाऊंच्या बोटांनी तिथली साल गुळगुळीत झाली होती. तिनं डोक्यावरचा पदर सावरला, बोट वाकवून दोनदा ठोकलं, कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. माझी बोटं कधी व्यापाऱ्याच्या मोटारसायकलच्या सीटवर वाजायला लागली, मला कळलं नाही.

"काय म्हनते?" मी विचारलं.

"कच्ची आहे अजून," वहिनी म्हणाली.