सासऱ्यांच्या गाडीला पॉवर स्टिअरिंग

माझे सासरे तारोडीला राहतात. वय चौऱ्याहत्तर. घरामागच्या वाडीत भेंडी, मुळा, वाल, लाल माठ असं काहीबाही लावतात आणि दोन-तीन दिवसांआड माल स्वतः भाईंदर पश्चिमेच्या बाजारात नेऊन घालतात. ज्या पिकअपमधून नेतात ती माझ्या बायकोपेक्षा वयाने मोठी आहे. गोल दिवे, सरळसोट उभी काच, मागे लाकडी फळ्यांचा हौदा आणि पुढे परातीएवढं स्टिअरिंग. उभ्या गाडीत ते चाक फिरवायचं म्हणजे जात्यावर दळण दळण्यासारखंच. मी एकदा प्रयत्न केला होता. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मला फाईल उचलवेना.

गेल्या वर्षी उत्तनच्या एका वळणावर त्यांच्यासमोर बस आली. गाडी बाजूला घ्यायला त्यांनी चाक फिरवलं आणि ते अर्ध्यावर थांबलं. चाकाला काही झालं नव्हतं, त्यांचा उजवा खांदा धरला होता. शेवटी बसचा ड्रायव्हर उतरला, खिडकीतून हात घालून त्याने चाक वळवून दिलं. सासऱ्यांनी घरी चकार शब्द काढला नाही. पण बसमध्ये बायकोची चुलती बसली होती.

"एक तर गाडी विकायला लावा, नाहीतर काहीतरी करा," बायको मला म्हणाली. बाप तिचा, आणि करायचं मी.

विकायचं नाव काढायची माझ्यात हिंमत नव्हती. म्हणून मी मोबाइलवर व्हिडिओ बघायला लागलो. तिथे एक माणूस जुन्या गाडीला वीस मिनिटांत पॉवर स्टिअरिंग बसवत होता, मागे गाणं वाजत होतं, त्याचा शर्टसुद्धा मळला नव्हता. मला वाटलं, जमतंय की. मी तारोडीला जाऊन विषय काढला.

"मामा, इंजिनवर एक पंप बसवतात. तो जोर लावतो. आपण नुसतं एका हाताने फिरवायचं."

"माझा खांदा बरा हाय, जावय," ते म्हणाले. जावई म्हणून ते मला कधी 'अरे-तुरे' करत नाहीत. राग आला की उलट जास्त अदबीने बोलतात, आणि तेच मला झेपत नाही. "पन तुमची हौस हाय तं करा. आमी न्हाय कसं म्हणनार?"

वरसाव्याला पुलाच्या अलीकडे एक गॅरेजवाला आहे. जुन्या गाड्यांमधला डॉक्टर, असं मला तिघांनी सांगितलं. त्याने बॉनेट उघडलं, आत टॉर्च मारला, जीभ टाळूला लावून 'टक्' केलं आणि म्हणाला, "हो जाएगा साहेब. तीन दिवस."

त्याला सात आठवडे लागले.

आधी मला भंगारवाल्याकडून दुसऱ्या गाडीतला स्टिअरिंग बॉक्स, म्हणजे चाकाचा जोर टायरांपर्यंत पोचवणारा डबा, आणायला लावला. मुलाला कडेवर घेतात तसा तो ओशट लोखंडी गोळा मी रिक्षात मांडीवर घेऊन आलो. तो जुन्या जागी बसेना. मग चेसिसला नवी पट्टी वेल्ड केली. पट्टी बसली तर रेडिएटर आडवा यायला लागला. रेडिएटर पुढे सरकवला तर पंप फिरवायला इंजिनवर पुलीच नाही. पुली आली तर तिच्या मापाचा पट्टा नाही. दर वेळी मी फोन केला की एकच उत्तर. "बस साहेब, एकच काम बाकी आहे." ते एकच काम रोज वेगळं असायचं.

आणि वाडी काही गॅरेजवाल्यासाठी थांबणार नव्हती. सकाळी सहाला फोन. "जावय, भेंडी जून होतेय." मी एका शाळेत क्लार्क आहे. अंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून मी स्कूटरवर भाईंदर पूर्वेहून तारोडीला जायचो, मागे मुळ्याच्या जुड्या बांधून बाजारात टाकायचो आणि शाळेत पोचायचो. ओल्या पाल्याचं पाणी पाठीवरून खाली झिरपायचं. मुख्याध्यापक बाई एकदा नाक वर करून म्हणाल्या, "आज डब्यात मुळा आहे का हो?"

तिसऱ्या आठवड्यापासून सासरे बसने गॅरेजवर जायला लागले. स्टुलावर बसायचे आणि काम बघायचे. गॅरेजवाला संध्याकाळी मला फोन करून सांगायचा, "साहेब, काकांना घरी ठेवा ना. काही बोलत नाहीत, नुसते बघतात. पाना हातातून सुटतो."

शेवटी एका शनिवारी दुपारी निरोप आला. काम झालं, गाडी घेऊन जा.

आम्ही दोघं गेलो. सासरे धोतराचा सोगा सावरून आत बसले. इंजिन सुरू केलं. एका बोटाने चाक फिरवून बघितलं, ते लोण्यासारखं फिरलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही, पण भुवई हलली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. गाडी रस्त्याला लागायला डावीकडे वळायचं होतं. त्यांनी चाक डावीकडे फिरवलं आणि गाडी उजवीकडे गेली. सरळ गॅरेजच्या पाण्याच्या पिंपावर. त्यांनी ब्रेक दाबला तेव्हा पिंप आणि बंपर यांच्यात वीतभर अंतर होतं.

त्यांनी चाक हळूच उजवीकडे फिरवलं. टायर डावीकडे वळले.

"ऐकत नसती तं समजलो असतो, जावय," सासरे खिडकीतून म्हणाले. "ही तं उलटं ऐकते."

गॅरेजवाला वाकून खाली बघून आला, हात पुसले आणि अगदी शांतपणे म्हणाला, "काही नाही काका. दोन दिवसांत आदत हो जाएगी."

तिथे माझा तोल गेला. सात आठवड्यांचं सगळं एकदम बाहेर आलं. भेंडी, मुळा, मुख्याध्यापक बाई, मांडीवरचा तो गोळा, सगळं. मराठीत सुरू केलं, मध्येच हिंदीत गेलो, कुठल्या भाषेत काय बोललो मला आता आठवत नाही. शेजारचा पंक्चरवाला काम सोडून बघत उभा राहिला. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण सासऱ्यांसमोर मी त्याआधी कधी आवाज चढवला नव्हता.

सासरे खाली उतरले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. तोच, दुखरा हात.

"बसा," ते म्हणाले. "पानी प्या. त्याच्यावर कशाला वरडता? बॉक्स तुमीच आनला ना?"

ते खरंच होतं. ज्या गाडीतला बॉक्स मी आणला होता तिच्यात टायरांना वळवणारा दांडा उलट्या बाजूने जोडलेला असतो, हे गॅरेजवाल्याला तेव्हा कळलं, आणि मला तर कळण्याचा प्रश्नच नव्हता. सोमवारी शाळेतून अर्धी रजा काढून मी दुसरा बॉक्स आणला. या वेळी सासरे सोबत आले. भंगाराच्या ढिगापुढे उकिडवे बसून त्यांनी चार बॉक्स स्वतः हाताने फिरवून बघितले आणि पाचवा उचलला.

तो बसला. गाडी घोडबंदर रस्त्याला लागली आणि पहिलं अर्धं अंतर सापासारखी गेली, कारण त्यांचे हात चाळीस वर्षांच्या सवयीने जोर लावत होते आणि चाक आता नुसत्या फुंकरीने वळत होतं. मी दाराची कडी धरून बसलो.

"हातात काय लागत न्हाय," ते कुरकुरले. "खड्डा आला, कसं कळनार?"

"मामा, डोळ्यांनी बघून."

ते हसले नाहीत. पुढचा आठवडाभर गाडी अंगणात उभी. माझ्या सासूबाई फोनवर सांगायच्या की ते रोज सकाळी तिच्यात जाऊन बसतात, इंजिन चालू करून नुसतं चाक डावीकडे-उजवीकडे करतात, आणि डिझेल जाळून घरात येतात. मी कपाळावर हात मारला. मुळा अजून माझ्याच स्कूटरवर होता.

मग एके दिवशी सहाचा फोन आला नाही. पुढच्या खेपेलाही नाही. कळलं की ते बाजारात स्वतः गेले. त्यानंतर जे सुरू झालं ते आजतागायत सुरू आहे. पूर्वी खांदा दुखायचा म्हणून ते बाजार आणि घर एवढंच करायचे. आता वसईला भाचीकडे जातात, विरारला बियाणं आणायला जातात, गावातल्या कुणाच्या लग्नाला वऱ्हाडाचं सामान नेतात. गेल्या रविवारी घोडबंदर रस्त्याने थेट ठाण्याला जाऊन आले, कशाला तर नुसतं.

"तुम्हाला सांगितलं काय होतं आणि तुम्ही केलं काय?" बायको माझ्यावर चिडली. "त्यांनी गाडी कमी चालवावी म्हणून म्हणत होते ना मी!"

तसं ती कधीच म्हणाली नव्हती. 'काहीतरी करा' म्हणाली होती. पण हे बोलून उपयोग नव्हता.

परवा मी त्यांच्याबरोबर बाजारात गेलो. दोन टेम्पोंच्या मध्ये जेमतेम जागा होती. त्यांनी एका तळव्याने चाक फिरवलं, गाडी एका दमात मागे घेऊन बरोबर आत घातली आणि तिरक्या नजरेने माझ्याकडे बघितलं. मी मुद्दाम मोबाइलमध्ये डोकं घातलं.

"बगितलं का, जावय?"

"काय, मामा?"

"काय न्हाय," ते म्हणाले, आणि मुळ्याच्या जुड्या उतरवायला मला हाक मारली.