तुलनेची वस्ती

वाघोलीच्या मजूरवस्तीत एक लहान मुलगी वारली. ती जाण्याआधी तिच्या आईने मला एक प्रश्न विचारला होता. उत्तर मला येत होतं. मी ते दिलं नाही. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण आणि संशोधन करणाऱ्या एका संस्थेत मी तेव्हा नवा होतो. शहराच्या पूर्वेला आयटीच्या काचेच्या इमारती उठत होत्या आणि त्या बांधणारी माणसं वाघोलीत पत्र्याच्या खोल्यांत राहत होती. आम्ही तिथल्या दोन वस्त्या निवडल्या. एकीत बायकांना गोळा करून मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं, ते दाखवायचो. दुसरीत नुसती विचारपूस करायची, शिकवायचं काही नाही. म्हणजे शिकवण्याने फरक पडतो का, ते कळेल. अभ्यास संपल्यावर तिथेही शिकवणार होतो. ऑफिसात तिला ‘तुलनेची वस्ती’ म्हणायचे. ती माझ्याकडे होती.

आमच्या संचालक बाईंनी बजावलं होतं, "अहो, तिथे वर्ग भरवून सल्ले वाटू नका. सगळ्या अभ्यासाचं वाटोळं होईल." मी मान डोलावली. नियम पाळण्यात माझा हात कुणी धरला नसता.

ती बाई विदर्भातली, नवरा स्लॅबच्या कामावर. मुलगी मांडीवर, डोळे खोल गेलेले, रडायचंही सोडून दिलेलं. माझे ठरलेले प्रश्न संपल्यावर ती म्हणाली, "भाऊ, पोरीचे जुलाब थांबून नाही राह्यले. पाणी पाजलं का अजून होते, म्हणून पाणीच बंद केलं म्या. बराबर केलं ना जी?"

मी म्हणालो, "डॉक्टरला दाखवा."

"दाखवतो ना, हे कामावरून आले का. पण पाण्याचं सांगा."

मी पेनाला टोपण लावलं आणि उठलो. दारात चप्पल घालताना मागून तिचं शेजारणीला म्हणणं ऐकू आलं, "भाऊ काही बोलले नाही, म्हणजे बराबरच हाय." पलीकडच्या वस्तीत माझा सहकारी त्याच सुमारास बायकांना सांगत असेल, जुलाबात पाणी कधी तोडू नका. मी वळलो नाही. अभ्यास वाचवला, असंच मला वाटलं. थोडा अभिमानही वाटला, तोही लिहून टाकतो.

पुढच्या खेपेला मुलगी नव्हती. शेजारणीने सांगितलं. आई भिंतीला टेकून बसली होती. मला पाहून म्हणाली, "तुम्ही तर डॉक्टरकडे जा म्हणलं होतं, भाऊ. आम्हीच उशीर केला. माह्यंच चुकलं."

मी काय म्हणालो असेन? म्हणालो, काळजी घ्या.

काही महिन्यांनी नव्या मुलांच्या प्रशिक्षणात एकाने विचारलं, तुलनेच्या वस्तीत कुणी आजारी दिसलं तर काय करायचं? संचालक बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "काय करायचं म्हणजे? सांगायचं, आणि आपल्या गाडीत घालून दवाखान्यात न्यायचं. वर्ग घेऊ नका म्हटलंय, मौनव्रत धरा असं नाही." सगळे हसले. मीही हसलो.

म्हणजे मी पाळला तो नियम कुणी केलेलाच नव्हता. एकदा विचारलं असतं तर कळलं असतं. विचारलं नाही, आणि त्या दिवशी उठून बाईंना सांगितलंही नाही.

ती वस्ती आता नाही. तिथे मोठी सोसायटी आहे, कंपन्यांच्या बसेस गेटावर थांबतात. ठेकेदाराने माणसं दुसऱ्या साइटवर हलवली, तेव्हा कुठे नेली ते विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. नंतर मीच नव्यांना शिकवू लागलो. मीठ-साखरेच्या पाण्याचा भाग मात्र कायम दुसऱ्या कुणाला देतो. घसा बसलाय म्हणतो.

ती असेल तिथे स्वतःलाच दोष देत असणार. पाणी तोडणं चूक होतं, हे मला तेव्हाच माहीत होतं, आणि मी गप्प बसलो. हे तिला समोर बसून सांगायचं देणं मी अजून लागतो.