एवढं चाललो, एवढं चालतं

आमच्या थोरल्या दिरांना, पद्माकर भाऊजींना, कुणी वाईट म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. भारदस्त माणूस, गोड बोलणारा, खायचा आणि खिलवायचा शौकीन. पुण्याहून आले ते फरीदाबादच्या एका कारखान्यात साधे इंजिनियर म्हणून. मग परदेशी कंपन्या आल्या, त्यातल्या एकीनं यांना उचललं, आणि सत्त्याण्णव सालापर्यंत भाऊजी गुडगावच्या नव्या इमारतीत सातव्या मजल्यावर राहायला गेले. आम्ही इकडे दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. माझा नवरा विक्रांत सेक्शन ऑफिसर. पण भावाभावांत तेढ अशी कधीच नव्हती.

त्या उन्हाळ्यात विक्रांतच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. माझा रक्तगट जुळेना, सासू-सासरे हयात नव्हते. डॉक्टर म्हणाले, भाऊ असेल तर बघा. भाऊजी तिथंच कॉरिडॉरमध्ये उभे होते. "माझी घ्या," म्हणाले. क्षणभरही थांबले नाहीत. मी तिथल्या तिथं त्यांच्या पाया पडले. तेव्हा ते मनापासून बोलले, हे मी आजही मानते.

तपासण्या झाल्या. सगळं जुळलं, फक्त वजन आडवं आलं. एवढ्या वजनाच्या माणसाला टेबलावर घेणार नाही, बारा किलो उतरवा, मग तारीख देतो, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. तिथल्या आहाराच्या मॅडमनी भाऊजींना समोर बसवून बजावलं की व्यायामानं जे जळेल ते परत खायचं नाही. फारच गळून गेल्यासारखं वाटलं तर वाटीभर ताक, बस. भाऊजींनी शहाण्या मुलासारखी मान हलवली.

मग काय कौतुक झालं म्हणता! गणपतीत मंडळानं स्टेजवर बोलावून शाल-श्रीफळ दिलं. किडनी अजून त्यांच्याच अंगात, आणि सत्कार उरकलासुद्धा! टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते.

भाऊजी कामाला लागले, हेही खरं. त्यांच्या इमारतीजवळ नवीनच जिम निघाली होती. तिथं पायांखाली पट्टा सरकणारं मशीन होतं आणि किती कॅलरी जळल्या तो आकडा समोर लाल अक्षरांत दिसायचा. भाऊजींना त्या आकड्याचं वेडच लागलं. मध्येच लाइट गेली की मशीन शून्यावर यायचं. जनरेटर सुरू झाला की हे पुन्हा चढायचे, आणि दोन्ही आकड्यांची बेरीज करून घरी यायचे. आणि त्या बेरजेएवढं खायचे! चारशे जळल्या ना, मग चारशेचं खाल्लं तर बिघडलं कुठं? "एवढं चाललो, एवढं चालतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सगळे हसायचे. पहिल्यांदा मीही हसले.

पहिल्या महिन्यात दीड किलो गेला. दुसऱ्यात काहीच नाही. तिसऱ्यात गेलेला दीड किलो परत आला. मॅडम चिडायच्या, "भाईसाहब, मशीन ज़्यादा दिखाती है, और आप उतना सब वापस खा लेते हो!" भाऊजी शांतपणे म्हणायचे, "कमज़ोरी आ गई तो ऑपरेशन कैसे झेलूँगा, मैडम?" आता यावर कोण काय बोलणार? तरीही त्या बिचाऱ्या दर वेळी सांगत राहिल्या.

आणि घरी विक्रांत. पाणी मोजून प्यायचं. तहान असह्य झाली की बर्फाचा खडा जिभेवर ठेवून बसायचा. केळं बंद, मीठ बंद, डाळसुद्धा नावापुरती. अंगाला अशी खाज सुटायची की झोपेत स्वतःला ओरबाडून घ्यायचा. डोळ्यांदेखत माणूस काळवंडत चालला होता. आणि मी भाऊजींचे घास मोजत होते. हो, मोजत होते! त्यात लाज कसली?

डिसेंबरात एका रविवारी भाऊजींनी गाडी पाठवली आणि आम्ही गुडगावला गेलो. दार उघडताना माझ्या जाऊबाई, कुमुदिनी वहिनी, नजर चुकवत होत्या. तेवढ्यात भाऊजी जिममधून आले. घामाघूम, पांढरेशुभ्र बूट, तोंडभर हसू. "आज साडेपाचशे!" म्हणाले आणि टेबलाशी बसले. समोर साबुदाण्याचे वडे, शिरा, आणि कोपऱ्यावरच्या हलवायाकडची जिलबी. त्यांनी एक वडा उचलला.

माझा तोल सुटला. "भाऊजी, द्यायची नसेल तर नाही म्हणा," मी म्हटलं. "एकदाच काय ते नाही म्हणा, मी दुसऱ्या कुणापुढे पदर पसरीन. पण हे असं रोज चालून चालून नाही म्हणू नका."

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "रोज पहाटे उठून मरमर करतोय मी! अजून काय करू, रेवती? सांग ना!"

"तो वडा खाली ठेवा. एवढंच करा."

त्यांनी वडा खाली ठेवला. वहिनी तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. भाऊजी विक्रांतकडे बघत होते, आणि तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की हा माणूस घाबरलाय. अंगावर सुरी घ्यायला घाबरलाय, आणि तसं म्हणायलाही घाबरलाय. चिडावं की कीव करावी, मला कळेना.

तेवढ्यात विक्रांतनं ताटली उचलून भावापुढे सरकवली. "खा, दादा," तो म्हणाला. "गार होतायत. एवढं चालून आलायस."

टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. पण टोमणा मारणं त्याच्या स्वभावातच नव्हतं.

भाऊजींनी वडा उचलला आणि खाल्ला. दुसराही खाल्ला. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते खात होते. वजनाचा विषय त्या दिवसानंतर कुणी काढला नाही.

परतताना गाडीत मी फुटले. ड्रायव्हर हरयाणाचा, त्याला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, म्हणून आवाज खाली ठेवायचंही कारण नव्हतं. "तुला काय अधिकार होता रे? जीव तुझा आहे, पण संसार माझाही आहे ना? माझ्या वाटणीचं उदारपण दाखवायला तुला कुणी सांगितलं होतं?"

"त्याला नाही म्हणता येत नाही गं," तो म्हणाला. "लहानपणापासून नाही येत. त्याच्या वतीनं मीच म्हणून टाकलं."

"आणि मी?"

धौला कुआँ येईपर्यंत तो काचेबाहेर बघत बसला.

मी नंतर पुष्कळ दारं ठोठावली. चुलत, मावस, कुणाला सोडलं नाही. होळीच्या आदल्या आठवड्यात विक्रांत गेला. अग्नी भाऊजींनीच दिला. लहान पोरासारखे रडले, तेरा दिवस आमच्या घरून हलले नाहीत.

त्यानंतर त्यांची जिम सुटली, चालणंही सुटलं, आणि वजन उतरायला लागलं. जुलैत भेटायला आले तर सदरा अंगावर लोंबत होता, गालफडं बसली होती. बारा काय, त्याहून जास्तच गेले असतील. शेजारच्या कौशल्याबाईंनी मला स्वयंपाकघरात ओढून नेलं आणि डोळे पुसत म्हणाल्या, "खचले गं बिचारे. असा भाऊ मिळायला भाग्य लागतं." मी चहा गाळत राहिले.

खचले असतील. त्यांचं दुःख खोटं नाही, मी ते जवळून बघितलंय. मी चहा आणि पोह्यांची बशी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चमचा उचलला आणि परत खाली ठेवला.

"रेवती, हल्ली घासच उतरत नाही गं घशाखाली," ते म्हणाले.

"डिसेंबरात उतरत होता, भाऊजी," मी म्हटलं.

त्यांनी मान खाली घातली. मला जराही वाईट वाटलं नाही.